जागेसाठी ठेवलेली गाडी

आधीच सांगते, गाडी संपली होती हे मला माहीत होतं. नंतर कोणी म्हणायला नको की रेवतीबाईंना गाडीतलं काय कळतं. कळत नाही, कबूल. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे मला आजही बोट लावून दाखवता येणार नाही. पण गाडी संपलीय हे मला आमच्या मेकॅनिकने, लवूने, बिल्डिंगखाली उभं राहून तोंडावर सांगितलं होतं, आणि मी ते गिळून गप्प बसले होते.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला. छत्तीस बिऱ्हाडं आणि खाली खांबांमध्ये चौदा गाड्यांची जागा. आता इथली रीत अशी, की जागा घराची नाही, गाडीची. ज्याच्याकडे चालती गाडी त्याला जागा. गाडी विकली किंवा भंगारात दिली आणि तिच्या जागी घरात लगेच दुसरी आणली नाही, की जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. मधे लोकांनी शहाणपणा केला, मेलेल्या गाड्यांवर कव्हरं घालून जागा अडवून ठेवल्या. एका गाडीत तर मांजर व्यायली होती. मग ठराव झाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता सगळ्या गाड्या गेटबाहेर काढायच्या, खालची फरशी धुऊन घ्यायची, आणि आमचा सेक्रेटरी हर्षद सावंत वही घेऊन गेटाशी उभा राहणार. जी गाडी आपल्या इंजिनावर बाहेर गेली आणि आत आली, तिच्यापुढे बरोबरची खूण. ढकललेली चालत नाही. दोन महिने खूण नाही मिळाली की जागा गेली.

यादीत सातजण आहेत. पहिला चौथ्या मजल्यावरचा निलेश. त्याची नवी कोरी गाडी वर्षभर बाहेर रस्त्यावर झाडाखाली, कावळ्यांच्या मेहेरबानीवर उभी असते. येता-जाता तो आमच्या गाडीकडे ज्या नजरेने बघायचा, ती नजर मला कळायची. मी मुद्दाम त्याला हसून विचारायची, काय रे, बरंय ना.

आमची गाडी एकोणीस वर्षांची. पंधराव्या वर्षी आरटीओतून तिची पाच वर्षं वाढवून घेतली तेव्हा सुबोध, म्हणजे माझा नवरा, म्हणाला होता की पुरे आता, देऊन टाकू. मी नाही म्हटलं. आम्ही दोघं एकाच ऑफिसात होतो, त्यामुळे त्याला अहो-जाहो मी कधी केलं नाही आणि त्याचं ऐकलंही फारसं नाही. तो सरळ माणूस आहे. कायद्याने चालणारा, पिवळ्या दिव्याला थांबणारा. घरात शेवटचा शब्द माझा.

आणि मला ती जागा हवी होती, मिहिरसाठी. मिहिर आमचा मुलगा, सहा वर्षं हैदराबादला. एकदा फोनवर म्हणाला, "आई, मुंबईत परत येईन गं, पण गाडी कुठे लावू?" सहज म्हणाला असेल. मी मात्र ते धरून बसले. डिसेंबरात तो येणार होता, इकडच्या नोकरीचं बघायला. तोवर गाडी टिकवायची, मग त्याची गाडी तिथे लागेल, असा माझा हिशेब. खाली ती जागा रिकामी झाली असती तर मला वाटलं असतं की पोराच्या परतीचं दारच लावलं.

लवूचं भांडुपला छोटं गॅरेज आहे. मूळचा मालवणकडचा, बोलायला तिखट, हात सोन्याचा. गणपतीला गावी जायच्या आधी तो आमची गाडी बघायला आला. सुबोध तेव्हा पेन्शनच्या कामाला बँकेत गेला होता. लवू गाडीखाली सरकला, बराच वेळ खुडबुड केली, आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "वैनी, ह्या गाडयेचो जीव गेलो हा. तुम्ही मढ्याक पावडर लावतास."

मी म्हटलं, "काहीतरी बोलू नकोस. सुरू तर होते."

"सुरू होता म्हणान काय झाला? इंजिन गेला तर बांधूक येता, क्लच गेलो तर बदलूक येता. पत्रो कुजलो काय मगे संपला." मग त्याने मला वाकायला लावलं. मागच्या सीटखालचा पत्रा त्याने बोटाने दाबला, तर बोट आत गेलं. हातात तपकिरी भुगा आला. चालणारी गाडी वीस-पंचवीस वर्षं सहज काढते, पण उभी गाडी खालून सडते, आणि आमची गेली चार वर्षं नुसती उभीच होती, असं म्हणाला. तिथूनच ब्रेकचा पाइप जातो, तोही गंजून पापुद्र्यासारखा झालाय, सांध्यातून ऑइल पाझरतंय. जोरात ब्रेक दाबला तर फुटेल आणि पेडल सरळ खाली जाईल. नवा पाइप टाकायचा तर तो धरायला पत्राच उरलेला नाही.

मी विचारलं, "डिसेंबरपर्यंत काढेल का?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की आत्ता आठवलं तरी लाज वाटते. बरेच आढेवेढे घेऊन त्याने सांधा आवळला, ऑइल भरलं आणि बजावलं, पहिल्या गिअरमध्ये गेटापर्यंत आणि परत, बस. रस्त्यावर काढायची नाही. "आणि दादांका सांगा. माझ्या डोक्यार ठेवू नका."

हो हो, सांगते, म्हटलं. नाही सांगितलं. सुबोधला सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी त्याने सोसायटीला पत्र लिहून जागा सोडली असती. मी त्याला फक्त म्हटलं, लवू म्हणतो गाडी ठीक आहे, पण हळू चालव. सप्टेंबरचा रविवार गेला, ऑक्टोबरचा गेला. दोन्ही वेळा सुबोध गेटबाहेर समोरच्या भिंतीशी गाडी लावून वीस मिनिटं पेपर वाचत बसला आणि आत आला. दोन्ही वेळा बरोबरची खूण. मला वाटायला लागलं, हे मेकॅनिक लोक उगाच घाबरवतात.

आज नोव्हेंबरचा पहिला रविवार. जान्हवी, माझी मुलगी, ठाण्याला असते. तिला आज ऑफिसचं काम होतं म्हणून तिने इरावतीला काल रात्रीच आमच्याकडे सोडलं. इरावती पाच वर्षांची. सकाळी सुबोध किल्ली घेऊन निघाला तशी तीही चप्पल घालून तयार. आबा, मी पण. मी थालीपीठं लावत होते. गेटापर्यंत तर जायचंय, म्हणून मी जा म्हटलं. हे माझ्या तोंडाने मी म्हटलं.

दुसरं थालीपीठ तव्यावर टाकून मी बाल्कनीत आले. आमचा तिसरा मजला. गाड्या एकामागून एक बाहेर पडत होत्या. आमची करडी गाडी गेटाशी आली, थांबली. हर्षद खिडकीशी वाकून सुबोधशी काहीतरी बोलला. सुबोधने मान हलवली. मागच्या सीटवर इरावतीचा पिवळा फ्रॉक दिसत होता. मग गाडी बाहेर पडली आणि भिंतीशी लागलीच नाही. डावीकडे वळली आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

मी वरूनच हर्षदला हाक मारली. "कुठे गेला रे तो?"

"किलोमीटर टाकायला, काकू," तो खालून म्हणाला. "कमिटीने नवीन काढलंय. नुसतं गेटापर्यंत चालणार नाही, महिन्याला निदान दहा किलोमीटर मीटरवर दिसले पाहिजेत. काका म्हणाले, हायवेने ऐरोलीच्या पुलावर जाऊन येतो."

हायवे. पूल. पुलाचा उतार. आणि मागच्या सीटखालचा तो पत्रा. सुबोधने इरावतीला पट्टा लावला असणार, तो लावतोच, पण पट्टा ज्या पत्र्याला अडकवलाय तोच पत्रा मी भुगा होताना पाहिला होता.

फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना सुबोध फोन उचलत नाही, उभ्या आयुष्यात एकदाही नाही. पुन्हा लावला. मग एकदम मनात आलं, की त्या आवाजाने त्याचं लक्ष गेलं आणि घाबरून त्याने करकचून ब्रेक दाबला तर? मी फोन कापला. गॅस बंद केला आणि होते त्या गाऊनवर ओढणी घेऊन पिठाच्या हातांनी जिने उतरले.

खाली निलेश आपली गाडी पुसत होता. दुसरं कोण होतं? बाकीचे सगळे म्हातारे, पेपर वाचत बसलेले. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि एक क्षण, एकच क्षण, माझ्या डोक्यात आलं की याला काय सांगू. काही वेगळं कारण सांगू का? नातीचं औषध राहिलं, सुबोधचा चष्मा राहिला. अशा वेळीही माणसाचं डोकं कुठे जातं बघा. मग मी म्हटलं, "निलेश, गाडी काढ. सुबोधच्या गाडीला ब्रेक नाहीत. मागे इरावती आहे."

त्याने फडकं तिथेच टाकलं. एक अक्षर न विचारता गाडी काढली. हायवेला लागल्यावर म्हणाला, "काकू, ब्रेक नाहीत म्हणजे? तुम्हाला आत्ता कळलं?"

"नाही. गणपतीच्या आधीपासून माहीत होतं."

"आणि काकांना?"

"त्याला नाही. मी सांगितलं नाही."

समोर रस्त्याकडेच बघत निलेश म्हणाला, "किलोमीटर बघा म्हणून मीच लिहून दिलं होतं कमिटीला. मला वाटलं, तुम्ही नुसती जागा अडवून ठेवलीय."

"अडवूनच ठेवली होती रे," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते इतक्या सहज निघालं, की मीच दचकले.

लवूला फोन लावला. त्याने पहिलाच प्रश्न केला, "वैनी, दादांका सांगितल्यात ना?" मी म्हटलं, "तो हायवेला आहे, लवू." तो भराभर सांगायला लागला, हँडब्रेक वेगळ्या वायरीवर आहे, तो लागेल, पेडल एकदा खाली गेलं तर पुन्हा पुन्हा दाबायचं, गिअर खाली आणायचा. चांगलं सांगत होता बिचारा, पण सांगायचं कोणाला? ज्याला सांगायचं तो समोर कुठेतरी साठच्या स्पीडने चालला होता आणि त्याला वाटत होतं गाडी ठीक आहे, कारण बायकोने तसं सांगितलं होतं.

प्रत्येक करडी गाडी मला आमची वाटत होती. एका जागी डाव्या बाजूला गर्दी दिसली, दहा-बारा माणसं वाकून काहीतरी बघत होती. मी दार उघडायलाच निघाले, निलेशने माझा हात धरला. टेम्पो होता. त्याचं चाक निखळलं होतं. मी देवाचं नाव घेतलं नाही. कुठल्या तोंडाने घेणार? मी नुसतं मोजत बसले, एक खांब, दोन खांब, तीन. पूल सुरू झाला तेव्हा दोन्ही बाजूंना खाडीचं पाणी दिसायला लागलं आणि मी कठडे बघायला लागले. कठडा कुठे तुटलाय का. हे मी बघत होते. माझ्या नवऱ्याला आणि नातीला शोधायला मी कठडा तुटलाय का ते बघत होते.

पूल उतरल्यावर ती दिसली. रस्त्याच्या कडेला खोदकामाच्या मातीचा ढीग होता, त्यात आमची गाडी तोंड खुपसून उभी होती, मागचं चाक वर उचललेलं. गाडीखालून रस्त्यावर ऑइलची रेघ आली होती, लांबपर्यंत.

निलेशची गाडी पुरती थांबायच्या आत मी उतरले. पळताना चप्पल गेली. सुबोध ढिगाच्या पलीकडे दगडावर बसला होता आणि इरावती त्याच्या मांडीवर. तिच्या कपाळावर टेंगूळ होतं आणि ओठ थोडा फुटला होता. सुबोधच्या रुमालाने ती तो दाबून बसली होती. मी तिला उचललं, चाचपलं. हात, पाय, मान, डोकं, पुन्हा मान. ती म्हणाली, "आजी, पट्टा सुटून आला. अख्खा." आणि त्या पट्ट्याचं टोक तिने मला दाखवलं. हातात घट्ट धरून ठेवलं होतं तिने. त्याला बोल्ट होता आणि बोल्टला गंजलेल्या पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा.

सुबोधचा चेहरा पांढरा पडला होता. तो उभा राहायला गेला आणि परत बसला. "उतारावर पेडल खाली गेलं गं," तो म्हणाला. "सिग्नलला माणसं उभी होती. मी हँडब्रेक ओढला, गिअर पाडला, मग ही माती दिसली. थोडंसं चुकलं असतं तर..." मग म्हणाला, "माझी चूक झाली. निघायच्या आधी ब्रेक बघायला हवे होते मी. माझं वय झालं, रेवती. पोरीला घेऊन निघालो आणि साधे ब्रेक बघितले नाहीत. लवूवर ओरडू नकोस हं. त्याने ठीक आहे सांगितलं तेव्हा असतील ठीक. जान्हवीला मी काय तोंड दाखवू?"

माझा नवरा रडत होता. पस्तीस वर्षांत मी त्याला त्याची आई गेली तेव्हा एकदा रडताना पाहिलं होतं. मागे निलेश येऊन उभा राहिला होता. तो काही बोलला नसता, एवढं मला कळत होतं. बोलायचं की नाही हे सगळं माझ्यावर होतं. आणि सांगते तुम्हाला, त्या पुलावर जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी मला तिथे, तो माझ्याकडे मान वर करून बघत असताना वाटली. नाही बोलले तर हा माणूस मरेपर्यंत स्वतःला खात राहणार होता. आणि मला जगता येणार होतं, मजेत, त्याची समजूत काढत.

"सुबोध, तुझी चूक नाही," मी म्हटलं. "लवूने ठीक आहे म्हणून सांगितलंच नव्हतं. पाइप फुटणार, पत्रा कुजलाय, रस्त्यावर काढू नका, दादांना सांगा, असं म्हणाला होता. मला माहीत होतं. मी तुला मुद्दाम सांगितलं नाही. जागा जाईल म्हणून."

त्याला पहिल्यांदा समजलंच नाही. म्हणजे शब्द कळले, पण अर्थ आत जायला वेळ लागला. "सकाळी," तो म्हणाला, "ही माझ्याबरोबर येते म्हणाली, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

तो उठला. माझ्यासमोर आला आणि इरावतीला माझ्या हातातून घेतलं. ओढून नाही, हळूच, झोपलेलं मूल घेतात तसं. ती म्हणाली, "आबा, आजीकडे," तर तो म्हणाला, "नको बाळा." बस, एवढंच. मग तिला घेऊन तो निलेशच्या गाडीत मागे बसला, पट्टा लावला, लावल्यावर दोनदा ओढून बघितला. मी पुढे बसले.

डॉक्टरांनी तिला तपासलं, काही नाही म्हणाले, रात्रीपर्यंत लक्ष ठेवा. गाडी लवूच्या ओळखीचा माणूस येऊन उचलून घेऊन गेला, थेट भंगारात. दुपारी सुबोधने सोसायटीला पत्र लिहिलं आणि स्वतः जाऊन हर्षदला दिलं. निलेशने संध्याकाळपर्यंत गाडी त्या जागेवर लावली नाही. लावली असती तरी मी काय बोलणार होते?

दिवसभर सुबोध माझ्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. त्याने इरावतीला वरण-भात भरवला, तिच्या शेजारी आडवा झाला, दर अर्ध्या तासाने तिला नाव विचारलं, आईचं नाव विचारलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. मी एकदा पाण्याचा ग्लास घेऊन आत गेले. तो उठून बसला आणि ग्लास माझ्या हातातून घेऊन स्वतः तिला पाजला.

पाच वाजता मी विचारलं, "जान्हवीला फोन करू का?"

"फोनवर नको. आली की सांग," तो म्हणाला. "तू सांग."

आता सात वाजलेत. मघाशी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबल्याचा आवाज आला, तेव्हा मी उठून दाराशी गेले, पण ते शेजारचे होते. मी मनात वाक्यं जुळवतेय. लवू असं म्हणाला, मला वाटलं, डिसेंबरपर्यंत. सगळी वाक्यं सुरू होतात आणि तिथेच येऊन थांबतात, की तिची मुलगी चप्पल घालून उभी होती आणि मी जा म्हटलं.

बेल वाजली. इरावती आई आली म्हणून आतून धावत आली आणि मला बिलगली. कडी तिला लागत नाही, नेहमी मीच तिला उचलते आणि ती काढते. सुबोध आतल्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"इरू," तो म्हणाला, "इकडे ये माझ्याकडे."

ती गेली, आणि मी एकटीने दार उघडलं.